झाड ‘मुळासकट’ हलवता येतं का? आरेच्या जमिनीखाली काय असतं, ते समजून घ्या

२९ ऑगस्ट २०१९ ला मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने आरे कॉलनीतल्या मेट्रो ३ च्या कारशेडसाठीचा प्रस्ताव मंजूर केला. त्यात दोन आकडे होते. २,१८५ झाडं तोडायची आणि ४६१ झाडांचं पुनर्रोपण करायचं, म्हणजे ती काढून दुसरीकडे लावायची. पुढचं बहुतेकांना आठवत असेल. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री आरेत करवती सुरू झाल्या आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवायला सांगितली. तोपर्यंत २,१४१ झाडं पडली होती.

सगळी चर्चा झाली ती पहिल्या आकड्यावर. दुसरा आकडा वाचून अनेकांना थोडं हायसं वाटलं असेल, की निदान ४६१ झाडं तरी वाचतील. रस्ता रुंदीकरण असो, उड्डाणपूल असो किंवा इमारतीचा पुनर्विकास, ‘झाडं तोडणार नाही, हलवणार’ हे वाक्य आता प्रत्येक प्रकल्पात ऐकू येतं. क्रेनला लटकलेलं, खाली मातीचा गोळा बांधलेलं झाड फोटोतही छान दिसतं.

पण त्या मातीच्या गोळ्यात झाडाचं मूळ खरंच किती असतं? हे कळायला आधी मूळ म्हणजे काय, ते वाढतं कसं आणि दिवसभर करतं काय, हे पाहावं लागेल. आरे त्यासाठी चांगली जागा आहे. सुमारे १,२८७ हेक्टरच्या या पट्ट्यात गवताची कुरणं आहेत, वड-उंबर आहेत, पळस-पांगारा आहेत, माणसांनी लावलेले गुलमोहर आणि रेन ट्री आहेत. म्हणजे मुळांचे जवळपास सगळे नमुने इथे पायाखाली सापडतात.

सोटमूळ आणि तंतुमूळ

जूनमध्ये उकिरड्यावर पडलेली आंब्याची कोय रुजते, तेव्हा तिच्यातून सगळ्यात आधी बाहेर येतं ते पान नव्हे, मूळ. बीमधल्या या पहिल्या मुळाला आदिमूळ म्हणतात. पानं नंतर आली तरी चालतात, कारण कोयीत शिदोरी भरलेली असते. पाण्याची सोय मात्र आधी लागते.

आंबा, जांभूळ, पळस, करंज यांच्यात हे आदिमूळ सरळ खाली जातं, जाड होतं आणि त्याला बाजूने फांद्यांसारखी उपमुळं फुटतात. हे सोटमूळ. गवत, भात, बांबू, ताड, माड यांच्यात वेगळं घडतं. त्यांचं आदिमूळ फार काळ टिकत नाही. खोडाच्या तळातून एकसारख्या जाडीची मुळं झुपक्याने फुटतात. ही तंतुमुळं.

आरेला ‘मिल्क कॉलनी’ म्हणतात ते इथल्या तबेल्यांमुळे. शहरभर विखुरलेल्या म्हशी एका जागी आणण्यासाठी १९४९ मध्ये ही वसाहत सुरू झाली आणि १९५१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. म्हशींना चारा हवा म्हणून इथे पॅरा गवत लावलं गेलं. या गवताच्या आडव्या पसरणाऱ्या कांड्यांना प्रत्येक पेरापाशी मुळं फुटतात. कांडी कापून चिखलात खोचली तरी नवं गवत तयार होतं. अशी बीऐवजी खोडातून किंवा पानातून निघणारी जी मुळं असतात, त्यांना शालेय पुस्तकात आगंतुक मुळं म्हणतात. नाव थोडं अन्यायाचं आहे, कारण पुढे पाहू तसं, पुनर्रोपणात अनेकदा हीच आगंतुक मंडळी झाडाचा जीव वाचवतात.

मूळ वाढतं फक्त टोकाला

माणसाचं मूल सगळीकडून वाढतं. मूळ तसं वाढत नाही. ओल्या टिपकागदावर मूग रुजवा, मूळ दोनेक सेंटिमीटर झालं की त्यावर शाईने सारख्या अंतरावर खुणा करा आणि दोन दिवसांनी बघा. वरच्या खुणा आहेत तिथेच राहतात. फक्त टोकाजवळच्या खुणांमधलं अंतर वाढलेलं दिसतं.

अगदी टोकाला असते मूलटोपी. मातीचे खडे, मुरूम, दगड यांच्यातून घुसताना घासली जाते ती ही टोपी. तिच्या पेशी सतत झिजतात, नव्या तयार होतात आणि त्यातून बुळबुळीत पदार्थ पाझरत राहतो, जणू वंगणच. टोपीच्या मागे सतत विभागणाऱ्या पेशींचा छोटासा पट्टा असतो. त्याच्या मागे नव्या पेशी पाणी शोषून लांब होतात. मुळाला पुढे ढकलणारा जोर इथून येतो. हा सगळा कारखाना काही मिलिमीटरांचाच असतो.

टोपीचं आणखी एक काम आहे. तिच्यातल्या काही पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात. वाटीत वाळूचे कण तळाशी बसावेत तसे ते पेशीच्या खालच्या बाजूला बसतात, आणि त्यावरून मुळाला ‘खाली कुठे’ हे कळतं. रोप आडवं केलं की कण दुसऱ्या भिंतीवर जातात आणि टोक वळायला लागतं. चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिस याच्यासोबत १८८० मध्ये वनस्पतींच्या हालचालींवर जे पुस्तक लिहिलं, त्यात मुळाच्या टोकाची तुलना खालच्या दर्जाच्या प्राण्यांच्या मेंदूशी केली आहे. ती तुलना शब्दशः घ्यायची गरज नाही, पण मुद्दा पटतो. पाणी कुठे, खडक कुठे, खाली कुठे, हे सगळं ठरतं ते टोकाला.

म्हणून एक गोष्ट इथेच लक्षात ठेवायला हवी. मूळ मध्येच कापलं की ते टोक गेलं. उरलेला जाड तुकडा पुढे वाढू शकत नाही. त्याला कापलेल्या जागेजवळून नवी उपमुळं फोडावी लागतात आणि नव्या टोकांपासून सुरुवात करावी लागते. त्याला वेळ लागतो, साठवलेलं अन्न लागतं आणि पाणी लागतं. नेमकं पाणीच त्या वेळी कमी पडतं.

पाणी जाड मुळं पीत नाहीत

बहुतेकांचा गैरसमज इथे आहे. खोडाजवळ मांडीएवढी जाड मुळं दिसतात, त्यामुळे झाड त्यांनी पाणी पितं असं वाटतं. पण जुनी, जाड मुळं सालीने झाकलेली असतात. ती झाडाला धरून ठेवतात, अन्न साठवतात आणि पाण्याची वाहतूक करतात. मातीतून पाणी ओढण्याचं बहुतांश काम टोकाकडची, सुतळीपेक्षाही बारीक मुळं करतात.

त्या बारीक मुळांवरही एक ठरावीक पट्टा असतो, जिथे मूलरोम असतात. एकेक मूलरोम म्हणजे मुळाच्या बाहेरच्या थरातल्या एकाच पेशीचा लांबलेला भाग. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी. मातीच्या दोन कणांमध्ये जे पाणी अडकलेलं असतं, तिथवर हे पोचतात. आयुष्य मात्र काही दिवसांचं, फार तर दोन-तीन आठवड्यांचं. मूळ पुढे सरकतं, पुढे नवे मूलरोम येतात, मागचे गळून जातात.

हे किती असतात? १९३७ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड डिटमर या वनस्पतिशास्त्रज्ञाने राय या धान्याचं चार महिन्यांचं एक रोप घेऊन चिकाटीने मोजणी केली. एका रोपाच्या मुळांची एकूण लांबी भरली सुमारे ६२० किलोमीटर, आणि मूलरोमांची संख्या सुमारे १,४०० कोटी. मूलरोम एकापुढे एक ठेवले असते तर दहा हजार किलोमीटरच्या वर गेले असते. हे सगळं एका छोट्या खोक्यातल्या मातीत. राय हे गवत आहे, आंबा नव्हे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे झाडाला लावता येणार नाहीत. पण जमिनीखालचा पसारा डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा किती वेगळा असतो, याची कल्पना येते.

मूलरोमात पाणी शिरतं ते परासरणाने. पेशीच्या आत क्षार-साखर जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी, म्हणून पाणी आत येतं. तिथून ते पेशी-पेशींतून आतल्या बाजूला सरकतं. मध्यभागी पोचण्याआधी एक नाकं लागतं. तिथल्या पेशींच्या भिंतींवर मेणासारख्या पदार्थाचा पट्टा असतो, कॅस्पेरियन पट्टा. भिंतींच्या फटीतून चोरवाटेने आलेलं पाणी इथे अडतं आणि त्याला जिवंत पेशीतूनच जावं लागतं. कोणते क्षार आत घ्यायचे आणि कोणते नाही, याची निवड झाड इथे करतं. पुढे जलवाहिन्या लागतात, आणि त्यांतून पाणी थेट शेंड्यापर्यंत.

ओढतं कोण? मुळाकडून थोडा दाब असतो, त्याला मूलीय दाब म्हणतात. पहाटे गवताच्या पात्यांच्या टोकांवर जे थेंब दिसतात, त्यांतले सगळे दवाचे नसतात, काही या दाबाने बाहेर आलेले असतात. पण उंच झाडात खरी ओढ वरून असते. पानांतून पाण्याची वाफ होत राहते आणि पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. मोठ्या झाडाच्या पानांतून एका दिवसात शंभर लिटरहून जास्त पाणी उडून जाऊ शकतं. तेवढंच खालून यावं लागतं. एक दिवस आलं नाही तर पानं मान टाकतात, काही आठवडे आलं नाही तर झाड.

मुळाला श्वासही लागतो. पानं दिवसा प्राणवायू तयार करतात, मुळं अंधारात असल्यामुळे ती मातीच्या पोकळ्यांतल्या हवेवर जगतात. माती रोलरने दाबली, तिच्यावर राडारोड्याचा ढीग टाकला किंवा खोडापर्यंत काँक्रीट ओतलं तर या पोकळ्या बंद होतात. झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षं शेंड्याकडून वाळत जातं आणि मग एखाद्या पावसात कोसळतं. तेव्हा बातमी येते ती वाऱ्याची. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या प्रकरणात झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते याच कारणाने. एक मीटर हे कमीत कमी आहे, कारण मुळं त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असतात.

झाडाखाली उलटं झाड नसतं

पुस्तकांतल्या चित्रात जमिनीच्या वर जेवढं झाड, तेवढंच खाली आरशात पाहिल्यासारखं उलटं मूळ दाखवतात. चित्र सुबक असतं, पण चुकीचं. काही झाडं फार खोल जातात हे खरं आहे. कालाहारीच्या वाळवंटात विहीर खणताना एका झाडाची मुळं ६८ मीटर खोलीवर सापडली होती. पण सर्वसाधारण झाडाची बहुतांश मुळं, आणि त्यातली शोषणारी तर जास्तच, जमिनीच्या वरच्या अर्ध्या ते एक मीटरच्या थरात असतात. कारण हवा तिथे, पालापाचोळ्याचं खत तिथे आणि पावसाचं पाणी आधी तिथेच. बाजूला मात्र ती पानांच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत पसरतात. ताट उपडं घालून त्यावर झाड ठेवलंय, असं चित्र खऱ्याच्या जास्त जवळ जाईल.

मुंबईच्या टेकड्यांवर तर हे आणखीच खरं. खाली ज्वालामुखीतून तयार झालेला खडक, त्यावर मुरूम, आणि वर मातीचा पातळ थर. मुळं खडकाच्या भेगांमध्ये शिरतात, पण पोट भरायचं ते वरच्या मातीतच. गुलमोहरासारख्या उथळ मुळांच्या झाडांबाबत हे रस्त्याच्या कडेला दर पावसाळ्यात दिसतं. एका बाजूला गटाराची भिंत, दुसऱ्या बाजूला पेव्हर ब्लॉक, आणि वर पावसाने जड झालेला भलामोठा पसारा.

आता हिशेब करू

कारशेडच्या प्रस्तावातल्या त्या ४६१ झाडांसारखं एक मध्यम झाड धरू. पानांचा घेर खोडापासून पाच मीटर. मुळं त्याच्या दुप्पट, म्हणजे दहा मीटरपर्यंत पसरलेली. मुळांखालचं क्षेत्र झालं ३१४ चौरस मीटर. पुनर्रोपणासाठी मुळांभोवती मातीचा जो गड्डा कापतात, त्याला रोपवाटिकेत हुंडी म्हणतात. हुंडी दोन मीटर व्यासाची घेतली, आणि क्रेनच्या हिशेबाने ती बरीच मोठी झाली, तर तिचं क्षेत्र भरतं साधारण ३ चौरस मीटर. म्हणजे एक टक्का. तीन मीटर व्यासाची घेतली तरी सव्वादोन टक्के.

हा हिशेब ढोबळ आहे. मुळं खोडाजवळ दाट आणि लांब गेली की विरळ असतात, त्यामुळे प्रत्यक्ष वाचणारा वाटा यापेक्षा जास्त असतो. पण शोषणारी टोकं बाहेरच्या बाजूला जास्त असतात, आणि हुंडीत येतात ती प्रामुख्याने जाड मुळं. म्हणजे क्रेनला लटकलेल्या त्या झाडाजवळ टाकी आणि नळ आहेत, पण पाणी भरणारी माणसं मागे राहिली आहेत. ‘मुळासकट’ हा शब्द मोठ्या झाडाबाबत जवळपास कधीच खरा नसतो.

तरी झाडं जगतात, आणि का जगतात हेही मुळांतूनच कळतं. नीट पुनर्रोपण करायचं तर काम काही महिने आधी सुरू होतं. ठरलेल्या गोलावर अर्ध्या बाजूला चर खणून मुळं स्वच्छ कापतात आणि चर चांगल्या मातीने भरतात. काही महिन्यांत कापलेल्या टोकांना नवी बारीक मुळं फुटतात. मग उरलेल्या अर्ध्या बाजूला तसंच. यामुळे हुंडीच्या आतच शोषणाऱ्या मुळांची नवी पिढी तयार होते आणि ती झाडासोबत जाते. मग फांद्यांची माफक छाटणी, म्हणजे पाण्याची मागणी थोडी घटते. हुंडी गोणपाटात घट्ट बांधायची, फुटू द्यायची नाही, कारण उघडी पडलेली बारीक मुळं ऊन-वाऱ्यात लवकर सुकतात. नव्या जागी खड्डा आधीच तयार हवा, झाड पूर्वीइतक्याच खोलीवर बसायला हवं, आणि त्यानंतर दोन-तीन उन्हाळे पाणी. हा शेवटचा भाग कंटाळवाणा असतो आणि कंत्राट संपलं की आधी तोच सुटतो.

झाडाची जातही महत्त्वाची. वड, पिंपळ, उंबर यांच्या खोड-फांद्यांतून नवी मुळं सहज फुटतात, त्यामुळे ती तुलनेने चांगली टिकतात. ताड-माडांचंही तसं, कारण त्यांच्या बुंध्यातून नवी मुळं येत राहतात. खोल सोटमुळाचं, वयस्कर झाड सगळ्यात अवघड. मेट्रो ३ च्या मार्गातून काढून आरे आणि इतर ठिकाणी लावलेल्या झाडांपैकी अनेक वाळली, आणि त्यांची अवस्था हा न्यायालयातल्या वादाचा मुद्दाही बनला. त्याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही.

वडाचं वेगळं गणित

वडाबद्दल जरा सांगायलाच हवं, कारण त्याने मुळाची व्याख्याच ताणली आहे. पक्ष्याने टाकलेलं बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात किंवा इमारतीच्या भिंतीत रुजतं. म्हणजे सुरुवात जमिनीशिवायच. पुढे फांद्यांतून पारंब्या सुटतात. हवेत लोंबकळत असताना पारंबी दोरीसारखी बारीक राहते. जमिनीला टेकली, आत शिरली, की काही वर्षांत जाड होत खोडासारखी दिसायला लागते आणि फांदीला टेकू देते. शहरात वाहतुकीला अडतात म्हणून रस्त्यावरच्या वडांच्या पारंब्या छाटल्या जातात. फांद्या आडव्या वाढत राहतात, आधार मात्र कधीच तयार होत नाही. मग तोच वड धोकादायक ठरतो.

आरेतल्या काटेसावरीचा बुंधा पाहिला तर तळाशी फळ्यांसारखे पंख फुटलेले दिसतात. ती आधारमुळं. आंब्याच्या फांदीवरचं बांडगूळ आणखी वेगळं. त्याचं मूळ मातीत जातच नाही, ते यजमान झाडाच्या फांदीत शिरून त्याच्या जलवाहिन्यांना जोडलं जातं. पानं हिरवी असल्यामुळे अन्न मात्र ते स्वतः बनवतं, त्यामुळे मराठीतली शिवी त्याला अर्धीच लागू होते. आणि सगळं जमिनीखालचं म्हणजे मूळ, असंही नाही. रताळं, गाजर, मुळा ही मुळं. बटाटा, आलं, आणि पावसाच्या तोंडावर बाजारात येणाऱ्या शेवळाचा जमिनीतला कंद, ही सगळी खोडं.

मुळं एकटी नसतात

खोदकामात जे जातं, त्यात झाडाव्यतिरिक्तही काही असतं. बहुतेक झाडांच्या बारीक मुळांशी मातीतल्या बुरशीचं साटंलोटं असतं. बुरशीचे धागे मूलरोमांहूनही बारीक असतात, त्यामुळे जिथे मूळ पोचत नाही तिथलं फॉस्फरस आणि पाणी ते आणून देतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ मध्ये या जोडीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिलं. मराठीत कवकमूळ. जंगलाच्या जुन्या मातीत हे जाळं आधीपासून असतं. भरावाच्या मातीत, जिथे पुनर्रोपित झाड अनेकदा लावलं जातं, तिथे ते तुटपुंजं असतं.

दुसरे भागीदार रायझोबियम जिवाणू. पळस, पांगारा, करंज, सुबाभूळ अशा शेंगा येणाऱ्या झाडांच्या मुळांवर ते गाठी करतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. काम चालू असलेली गाठ कापली तर आतून गुलाबी दिसते. गुलमोहरालाही शेंगा येतात, पण त्याच्या मुळांवर या गाठी नसतात. एकाऐवजी दुसरं झाड लावलं की हिशेब जुळला, असं मातीच्या वहीत होत नाही.

आणि पाणी. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून सुरू होते आणि आरेच्या हद्दीतून वाहत पुढे माहीमच्या खाडीला मिळते. मुळं मातीत शिरताना आणि मेल्यावर कुजताना पोकळ नळ्या मागे ठेवतात. पाऊस या नळ्यांतून खाली मुरतो. त्या बुजल्या की तेच पाणी वरून वाहतं आणि कमी वेळात नदीत येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतक्या पावसाला कोणतीही मुळं पुरी पडत नाहीत, हेही सांगायला हवं. मुळांचा उपयोग दिसतो तो रोजच्या, पन्नास-शंभर मिलिमीटरच्या पावसात.

तोडलेल्या झाडाचं मूळ लगेच मरतं का? नाही. पळस, सुबाभूळ अशा झाडांच्या बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात, कारण मुळात अन्न साठवलेलं असतं. पळसाच्या तर आडव्या मुळांतूनही नवे कोंब येतात. बुंधा जागेवर राहिला आणि माती मोकळी असली तर पाच-सात वर्षांत तिथे पुन्हा झाडोरा दिसू शकतो. बुंधा उपसून वर भराव घातला की ती शक्यताही संपते. धुमारा न फुटलेली मुळं काही वर्षं माती धरून ठेवतात, मग कुजतात. उतारावर याचा परिणाम उशिरा दिसतो.

पुढे काय झालं?

कारशेड २०२० मध्ये कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, २०२२ मध्ये तो पुन्हा आरेत आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी अर्ज करायला परवानगी दिली. त्याहून जास्त झाडांसाठी अर्ज गेल्यावर एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने मेट्रो रेल्वे कॉर्पोरेशनला दहा लाख रुपये भरायला सांगितले, पण १७७ झाडं काढायला परवानगीही दिली. त्यांतली काही तोडायची होती, काही पुन्हा पुनर्रोपणाच्या यादीत होती. मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला.

दरम्यान राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड आता ‘वारसा वृक्ष’ मानलं जातं, आणि एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. साठ वर्षांच्या झाडाला साठ रोपं. वयाचा विचार कायद्यात आला, हा बदल चांगलाच. मुळांच्या पसाऱ्याचा हिशेब मात्र रोपांच्या संख्येत बसत नाही.

तुमच्या रस्त्यावरच्या झाडावर नोटीस दिसली तर

झाड तोडण्या-हलवण्याआधी महापालिका झाडावर नोटीस चिकटवून हरकती मागवते. नोटिशीत ‘पुनर्रोपण’ लिहिलं असेल तर उद्यान विभागाला विचारण्यासारखे प्रश्न सोपे आहेत. हुंडीचा व्यास किती घेणार? मुळांची पूर्वछाटणी कधी केली, की झाड एका दिवसात उचलणार? नवी जागा कुठली, तिथली माती भरावाची आहे का? पावसाळ्याच्या तोंडावर हलवणार की एप्रिलच्या उन्हात? पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, आणि त्याची तरतूद कंत्राटात आहे का?

आणि एक. पुनर्रोपणानंतर महिन्याभरात झाडाला कोवळी पालवी फुटली की ‘झाड जगलं’ म्हणून फोटो काढले जातात. ती पालवी बहुतेकदा खोडात आणि जाड मुळांत आधीच साठलेल्या अन्नावर आलेली असते. खाली नवी मुळं फुटली की नाही, हे तिच्यावरून सांगता येत नाही. ते कळायला दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात, पाण्याचा टँकर यायचा थांबल्यानंतर, त्या झाडाकडे जाऊन वर बघावं लागतं.